व्यापारी इमारती आणि शॉपिंग सेंटरमधील ऊर्जाबचत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इमारतीतील वीजबचतीचे काम नेमके कुठून सुरू करावे?

रात्रीपासून. मुख्य मीटरमधील दर पंधरा मिनिटांची किंवा दर तासाची नोंद काढावी, एका आठवड्याचा आलेख मांडावा आणि इमारत बंद असतानाच्या तासांकडे आधी पाहावे. समजा, दिवसा १,००० किलोवॅट भार असलेल्या केंद्राचा रात्रीचा भार ३५० किलोवॅट आहे. शीतपेट्या, सुरक्षेचे दिवे, सर्व्हर आणि पाण्याचे पंप यांची खरी गरज १५० किलोवॅटची असेल, तर उरलेले २०० किलोवॅट कुणाच्याही उपयोगाविना जळत असतात. रोज १२ तास या हिशेबाने वर्षाला ८,७६,००० युनिट होतात. हा आकडा वाचवण्यासाठी बहुतेक वेळा नवे यंत्र घ्यावे लागत नाही, चालू असलेले बंद करावे लागते.

आलेख पाहून झाल्यावर मध्यरात्रीनंतर इमारतीतून एक फेरी मारावी आणि सोबत देखभाल विभागातील असा माणूस घ्यावा, ज्याला प्रत्येक पॅनेल कुठे आहे हे ठाऊक आहे. अशा एका फेरीत मला तळघरातील वाहनतळाचे सर्व पंखे रिकाम्या जागेत पूर्ण वेगाने फिरताना आढळले होते. पॅनेल उघडल्यावर टायमरला वगळून त्याची दोन टोके थेट जोडणारी एक छोटी तार दिसली. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी 'तात्पुरती' म्हणून ती लावली गेली होती आणि टायमर मात्र त्यानंतरही इमानेइतबारे वेळ दाखवत होता.

आपली इमारत इतरांच्या तुलनेत किती वीज खाते, हे कसे कळेल?

वर्षभराचा एकूण वापर बांधकाम क्षेत्रफळाने भागून दर चौरस मीटरमागे वार्षिक युनिट काढले जातात. हा निर्देशांक उपयोगी असला, तरी तो जपून वापरावा. चित्रपटगृहे, मोठे सुपरमार्केट आणि बरीच उपाहारगृहे असलेले केंद्र आणि केवळ कपड्यांची दुकाने असलेले केंद्र यांची तुलना अन्यायाची ठरते. वाहनतळाचे क्षेत्रफळ भाजकात धरले की आकडा आपोआप गोंडस दिसू लागतो, हेही लक्षात ठेवावे. आपल्याच इमारतीची मागील वर्षाशी तुलना ही सर्वांत प्रामाणिक तुलना होय.

सर्वाधिक वीज कशावर खर्च होते?

उष्ण हवामानात वातानुकूलन पहिल्या क्रमांकावर असते. पूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित खरेदी केंद्राची कल्पना प्रत्यक्षात आली ती १९५६ साली, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एडायना येथे उभ्या राहिलेल्या साउथडेल सेंटरमध्ये; त्याचे वास्तुरचनाकार होते व्हिक्टर ग्रुएन. बाहेर थंडी असो वा ऊन, आत कायम एकच ऋतू, हे त्या रचनेचे आकर्षण होते. पण भिंती बाहेरच्या हवेला पारख्या झाल्या की आतला प्रत्येक घनमीटर वारा यंत्रानेच खेळवावा लागतो. वातानुकूलनाखालोखाल प्रकाशव्यवस्था, आणि नंतर शीतपेट्या, स्वयंपाकघरे, पंप, सरकते जिने व लिफ्ट असा क्रम साधारणपणे आढळतो.

आत येणारी माणसे हाही मोठा भार असतो. दुकानांतून फिरणारी व्यक्ती अंदाजे १३० वॅट उष्णता बाहेर टाकते. एका वेळी ५,००० ग्राहक असतील, तर ती ६५० किलोवॅट उष्णता झाली आणि एक टन शीतकरण म्हणजे ३.५१७ किलोवॅट या मापाने केवळ माणसांसाठी सुमारे १८५ टन क्षमता लागते. म्हणूनच गर्दीच्या संध्याकाळी आणि रिकाम्या सकाळी यंत्रणा एकाच पद्धतीने चालवणे परवडत नाही.

जुना चिलर (वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारे यंत्र) बदलला की प्रश्न सुटेल का?

हा प्रश्न बहुधा पहिल्याच बैठकीत येतो आणि त्याचे उत्तर बहुधा 'आत्ताच नाही' असे असते. पाण्याने थंड होणारा चांगला आधुनिक चिलर पूर्ण भारावर टनामागे साधारण ०.६ ते ०.७ किलोवॅट वीज घेतो, तर जुने किंवा दुर्लक्षित यंत्र एक किलोवॅटच्याही वर जाते. त्यामुळे बदल फायद्याचा असतो, यात शंका नाही. मात्र दिवे, काचा, गळणारी हवा आणि अनावश्यक तास यांवर काम होण्यापूर्वी नवा चिलर घेतला, तर तो आजच्या उधळपट्टीच्या मापाने घेतला जातो. पुढे भार कमी झाला की तोच चिलर गरजेपेक्षा मोठा ठरतो आणि पुढची वीस वर्षे अर्धपोटी चालतो.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. २००९ साली जाहीर झालेल्या नूतनीकरणात ऊर्जावापर ३८ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते. तेथील ६,५१४ खिडक्या फेकून न देता इमारतीतच कारखाना मांडून त्यांच्या काचा नव्या थरासह पुन्हा बसवण्यात आल्या. खिडक्या, दिवे आणि रेडिएटरमागचे उष्णतारोधक आवरण यांमुळे आतला भार घटला आणि चिलर नवे, मोठे घेण्याऐवजी जुन्याच चिलरांचे नूतनीकरण करणे शक्य झाले. क्रम बदलला असता, तर खर्चाचे गणितही बदलले असते.

तापमान किती ठेवावे?

बहुतेक सामायिक जागांसाठी २४ ते २६ अंश सेल्सिअस पुरेसे असते, विशेषतः आर्द्रता आटोक्यात असेल आणि हवा हलती असेल तर. बाहेरून चालत आलेल्या, हातात पिशव्या घेऊन फिरणाऱ्या ग्राहकाला २१ अंशांचा गारवा पहिली दोन मिनिटे सुखावतो आणि नंतर बोचतो.

आकडा ठरवणे सोपे आहे; तो आकडा खरा आहे का, हे तपासणे महत्त्वाचे. तापमापक दिव्यांच्या झोतात, फोटोकॉपी यंत्राच्या शेजारी किंवा उन्हाच्या भिंतीवर बसवलेला असेल, तर यंत्रणा त्या एका कोपऱ्याला खूश करण्यासाठी अख्खा मजला गारठवते. शेजारशेजारच्या दोन यंत्रांपैकी एक हवा थंड करते आहे आणि दुसरे तीच हवा तापवते आहे, हा प्रकार ऐकायला विनोदी वाटतो; पण समशीतोष्ण हवामानातील इमारतींत तो वारंवार आढळतो. त्यावर उपाय म्हणून हवा थंड करणे सुरू होण्याचे आणि हीटिंग सुरू होण्याचे तापमान यांत दोन-तीन अंशांचे अंतर ठेवावे.

पंखे आणि पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) बसवल्याने खरोखर इतका फरक पडतो का?

पडतो, कारण येथे निसर्गाचा नियमच आपल्या बाजूने आहे. पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात बदलतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला की सैद्धांतिक शक्ती ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ५१ टक्क्यांवर येते. पाचवा हिस्सा वेग कमी करून जवळजवळ निम्मी वीज वाचते. पाणी उंचावर चढवणाऱ्या पंपांना मात्र हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण उंचीचा दाब वेग कमी केल्याने नाहीसा होत नाही.

अडचण वेगळीच असते. व्हीएफडी बसवलेले असते, पण ते बायपासवर असते, म्हणजे मोटर त्याला वगळून थेट विजेवर चालते. किंवा ज्या दाबावर ते चालवायचे तो दाब इतका जास्त ठरवलेला असतो की मोटर वर्षभर पूर्ण वेगानेच फिरते. ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. एका दुकानदाराची 'गार हवा येत नाही' अशी तक्रार आली की दाब वाढवणे हा त्याच्या हातातील सर्वांत जलद उपाय असतो, आणि तक्रार मिटल्यावर दाब पुन्हा खाली आणण्याची आठवण त्याला कुणीच करून देत नाही. प्रत्येक व्हीएफडीच्या पडद्यावरील वेगाची आठवड्यातून एकदा लेखी नोंद ठेवली, तरी हा दोष महिन्याभरात उघडा पडतो.

चिलरचे पाणी ठरलेल्या तापमानाला परत येत नाही. याने काय बिघडते?

बरेच बिघडते. ७ अंशांवर गेलेले पाणी १२ अंशांवर परत यावे, अशी रचना समजा. ते ९ अंशांवरच परतू लागले, तर ५ अंशांऐवजी २ अंशांचाच फरक मिळतो आणि तेवढीच उष्णता वाहून आणण्यासाठी अडीचपट पाणी फिरवावे लागते. मग एक चिलर पुरेसा असताना केवळ पाण्याचा प्रवाह पुरवण्यासाठी दुसरा सुरू केला जातो. कारणे बहुधा साधी असतात : धुळीने भरलेले कॉइल (थंड पाण्याच्या नळ्यांची जाळी, जिच्यावरून हवा जाते), पूर्ण बंद न होणाऱ्या झडपा, वापर नसतानाही पाणी तसेच परत पाठवणाऱ्या तीनमार्गी झडपा आणि पुरवठा-हवेचे तापमान गरजेपेक्षा खाली ठेवण्याची सवय. कूलिंग टॉवरचे (चिलरची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणाऱ्या मनोऱ्याचे) पाणी पसरवणारे भरण आणि कंडेन्सरच्या (चिलरमधील उष्णता बाहेर काढणाऱ्या भागाच्या) नळ्या क्षारमुक्त ठेवणे हा याच देखभालीचा दुसरा भाग आहे.

मुख्य प्रवेशद्वारातून इतकी गरम हवा का येते? एअर कर्टन (दारावर हवेचा पडदा सोडणारा पंखा) बसवलेला आहे.

दारात उभे राहून टिश्यू पेपरची एक पट्टी हातात धरून पाहावी. ती आतल्या बाजूला ताणली जाऊन फडफडत असेल, तर दोष दाराचा नाही. इमारत बाहेरची हवा ओढून घेते आहे. जितकी हवा आत पुरवली जाते, त्यापेक्षा अधिक हवा बाहेर फेकली गेली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि ती तूट दारे, लिफ्टचे कूप, वाहनतळाचे जिने आणि छतातील फटी यांतून भरून निघते. अशा वेळी एअर कर्टन कितीही शक्तिशाली असला, तरी त्याचा पडदा आत वाकतो.

खरेदी केंद्रांत याचे नेहमीचे कारण फूड कोर्टमधील धूर ओढणाऱ्या चिमण्या असतात. स्वयंपाकाच्या शेगड्यांवरील हूड सकाळी सुरू होतात आणि रात्रीपर्यंत एकाच वेगाने हवा बाहेर ओढत राहतात, मग शेगडी पेटलेली असो वा नसो. बाहेर जाणारी ही हवा इमारतीने आधी पैसे खर्चून थंड केलेली असते. यावर तीन उपाय एकत्र करावे लागतात. हूडला बाजूचे पत्रे लावल्यास तोच धूर कमी हवेत पकडता येतो. उष्णता किंवा धूर ओळखणारे सेन्सर लावून पंख्याचा वेग कमी-जास्त करता येतो. आणि हूडजवळच थोडी बाहेरची, न थंडावलेली हवा सोडली की तूट भरून निघते. हे झाल्यावर पुरवठा आणि निकास यांचे प्रत्यक्ष मापन करून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक राहील असे संतुलन साधावे.

त्यानंतर दाराकडे वळावे. दोन दारांमधील कोठी इतकी खोल हवी की पहिले दार बंद होण्याआधी दुसरे उघडणार नाही. फिरते दार हा जुना आणि उत्तम उपाय आहे. थिओफिलस व्हॅन कॅनेल यांना त्याचे पेटंट १८८८ साली मिळाले होते. शेजारी साधे उघडे दार असेल, तर मात्र लोक त्याच दाराने जातात आणि फिरते दार शोभेपुरते उरते.

ताजी हवा कमी केली तर वीज वाचेल ना?

वाचेल, पण डोळे झाकून कमी करू नये. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असते. आतील प्रमाण ८०० ते १,००० पीपीएमच्या दरम्यान राहील अशा रीतीने सेन्सरच्या आधारे ताजी हवा नियंत्रित केली, तर गर्दीत ती पुरेशी मिळते आणि रिकाम्या वेळी उगाच थंड करावी लागत नाही. सेन्सर काही वर्षांत भरकटतात. त्यांची पडताळणी ठरलेल्या मुदतीने झाली नाही, तर चुकीच्या आकड्यावर अचूक नियंत्रण सुरू राहते. वाहनतळासाठी हेच तत्त्व कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरने वापरावे आणि पंख्यांना व्हीएफडी जोडावे. आगीच्या वेळचा धूर बाहेर काढण्याचे काम याच पंख्यांकडे असेल, तर त्या आज्ञेला सर्वांत वरचे स्थान राहिले पाहिजे.

एलईडी दिवे लावून झाले. प्रकाशव्यवस्थेत आणखी काही उरते का?

आधी एलईडीचा हिशेब पाहू. ३६ वॅटची जुनी नळी चोकसह साधारण ४६ वॅट घेते. तिच्या जागी १८ वॅटची एलईडी नळी आली, तर दिव्यामागे २८ वॅट वाचतात. असे ५०० दिवे रोज १२ तास चालत असतील, तर वर्षाला ६१,३२० युनिट वाचतात. शिवाय दिव्याला दिलेली वीज शेवटी उष्णताच होत असल्याने वातानुकूलनावरील १४ किलोवॅटचा भारही कमी होतो.

उरते ते बरेच उरते. मोठ्या काचेच्या छताखालच्या चौकात भर दुपारी सगळे दिवे पेटलेले असणे हे अगदी नेहमीचे दृश्य आहे. तेथे दिव्यांची ओळ छताच्या बाजूने वेगळ्या सर्किटवर घेऊन प्रकाश-सेन्सर जोडावा. सफाईच्या वेळी संपूर्ण प्रदर्शनी प्रकाश लागत नाही. तिसरा हिस्सा पुरतो. भांडारघरे, सेवामार्ग आणि स्वच्छतागृहे यांना हालचाल ओळखणारे सेन्सर लावावेत. दुकानांतील प्रकाशाबाबत माझे मत थोडे अप्रिय आहे : शेजारचे दुकान झगझगीत म्हणून आपलेही झगझगीत, या चढाओढीत कुणाचीच वस्तू उठून दिसत नाही. मार्गिका थोडी मंद ठेवली, तर कमी वॅटमध्येही काचेमागची वस्तू उजळ दिसते.

काचा आणि छप्पर यांवर खर्च करावा का?

छप्पर दुरुस्तीला आलेले असेल, तर अवश्य. गडद छप्पर उन्हाचा फार थोडा भाग परत फेकते, तर चांगला पांढरा लेप नवा असताना ७० ते ८० टक्के ऊन परतवतो. धूळ बसली की हे प्रमाण उतरते, म्हणून धुण्याची सोय आधी पाहावी. पश्चिमेच्या काचेसाठी आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची सावली कितीतरी प्रभावी असते, कारण पडद्यापर्यंत पोहोचलेले ऊन आत आलेलेच असते. सुस्थितीतील काचा केवळ ऊर्जाबचतीसाठी बदलण्याची घाई मात्र करू नये.

सुपरमार्केटमधील उघड्या शीतपेट्यांना दारे लावली, तर विक्री घटेल का?

ही भीती नेहमी व्यक्त होते. उघड्या पेटीतून थंड हवा खाली सांडत राहते, म्हणून त्या मार्गिकेत पायांना गारठा जाणवतो. दारे लावल्यावर शीतयंत्रावरील भार स्पष्टपणे घटतो आणि मार्गिका उबदार झाल्याने ग्राहक तिथे थांबतोही. दारे शक्य नसतील, तर निदान बंद वेळेत ओढायचे पडदे लावावेत.

सरकते जिने आणि लिफ्ट यांचे काय?

सेन्सरने रिकामा जिना मंद गतीवर आणणे आणि लिफ्ट थांबलेली असताना आतील दिवे व पंखा बंद करणे, एवढे पुरेसे आहे. एकूण वापरात यांचा वाटा लहान असतो, पण ते सर्वांच्या डोळ्यांसमोर फिरत असल्याने चर्चा मात्र त्यांच्याच वाट्याला अधिक येते.

खर्च मालकाचा आणि बचत भाडेकरूची, हा तिढा कसा सोडवावा?

तांत्रिक कामापेक्षा हेच काम अवघड असते. गाळेधारक विजेचे बिल भरतो, म्हणून मालकाला चांगले यंत्र बसवण्यात रस नसतो. भाडेकरार काही वर्षांचाच असतो, म्हणून गाळेधारकही गुंतवणूक करत नाही. वातानुकूलनाचा खर्च क्षेत्रफळानुसार वाटला जात असेल, तर काटकसर करणारा आणि दार सताड उघडे ठेवणारा, दोघांना सारखेच बिल येते.

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक गाळ्याला सब-मीटर आणि शक्य तिथे थंड पाण्याच्या वापरासाठी उष्णतामापक मीटर. दुसरी पायरी करारात : दर चौरस मीटरमागे दिव्यांच्या वॅटची मर्यादा, सजावटीचे काम सुरू होण्यापूर्वी वीज-आराखड्याची मंजुरी, सुधारणेचा खर्च प्रत्यक्ष बचतीच्या मर्यादेत हप्त्याने वसूल करण्याची मुभा आणि वापराच्या आकड्यांची परस्पर देवाणघेवाण. नवा गाळेधारक येतो तेव्हा या अटी सहज मान्य होतात. करार चालू असताना त्या घालायला गेल्यास वर्ष निघून जाते.

बीएमएस (इमारतीतील यंत्रे संगणकावरून चालवणारी व्यवस्था) बसवले आहे. मग वेगळे काय करायचे?

वेळापत्रके उघडून पाहायची. सणासाठी वाढवलेले तास सण संपल्यावरही तसेच राहिलेले असतात आणि 'हँड' (हाताने चालवण्याच्या) स्थितीत सोडलेल्या यंत्रांना बीएमएसची आज्ञा पोहोचतच नाही. संगणकाच्या पडद्यावर डॅम्पर (हवेच्या मार्गातील झडप) ३० टक्के उघडा दिसत असला, तरी छतावर जाऊन पाहिल्यावर त्याचा दांडा मोटरपासून सुटून तारेने बांधलेला निघू शकतो. महिन्यातून एकदा दहा बिंदू निवडून पडदा आणि प्रत्यक्ष यांची तुलना करावी.

पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष कामी येणारी शक्ती आणि ओढलेली एकूण शक्ती यांचे प्रमाण) सुधारला तर युनिट कमी होतात का?

कपॅसिटरमुळे केबल आणि ट्रान्सफॉर्मरवरील प्रवाह कमी होतो, मागणीची किलोव्होल्ट-अँपिअरमधील नोंद घटते आणि दंड असल्यास टळतो. पण मोटर किंवा दिव्याने खाल्लेले युनिट जवळजवळ तेवढेच राहतात. प्लगमध्ये बसवण्याच्या 'वीज वाचवणाऱ्या' पेट्यांचे दावे याच गोंधळावर उभे असतात. त्या घेऊ नयेत.

छतावर सौर पॅनेल बसवले, तर बाकीचे काम टाळता येईल का?

पाच मजली इमारत घ्या. वर्षाला दर चौरस मीटर २०० युनिट वापर धरला, तर छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाच मजल्यांचा, म्हणजे १,००० युनिटांचा बोजा येतो. २०० वॅटचे एक चौरस मीटर पॅनेल वर्षाला १,५०० तास पूर्ण क्षमतेइतके चालले, तर ३०० युनिट देते. छतावर कूलिंग टॉवर, टाक्या आणि जाण्यायेण्याच्या वाटा असल्याने संपूर्ण छतही मिळत नाही. सौर वीज जरूर घ्यावी. फक्त वापर आधी घटवला, तर तेच पॅनेल वापराचा मोठा वाटा उचलते.

बचत खरोखर झाली, हे कसे ठरवावे? आणि ती टिकते का?

दोन बिले शेजारी ठेवून ठरवू नये. उन्हाळा सौम्य गेला, दोन मोठे गाळे रिकामे राहिले किंवा कामाचे तास बदलले, तरी बिल उतरते. कामापूर्वीच्या किमान बारा महिन्यांच्या नोंदींवरून बाहेरचे तापमान, उघडे असण्याचे तास आणि भरलेले गाळे यांच्याशी वापराचे नाते मांडावे आणि कामानंतरचा वापर त्या अपेक्षित आकड्याशी ताडून पाहावा. मापन व पडताळणीची आंतरराष्ट्रीय नियमावली याच तत्त्वावर चालते, तर आयएसओ ५०००१ हे ऊर्जाव्यवस्थापनाचे मानक असा आढावा सतत घेण्याची चौकट देते; ते २०११ साली प्रथम आले आणि २०१८ साली सुधारले गेले.

टिकण्याविषयी सांगायचे, तर बचत ओसरते. फिल्टर भरतात, सेन्सर भरकटतात, एखादा अनुभवी ऑपरेटर नोकरी सोडतो आणि नवा माणूस तक्रार येताच सगळे पुन्हा 'हँड'वर टाकतो. म्हणून कोणती यंत्रे किती वाजता बंद व्हायला हवीत आणि रात्री मुख्य मीटरवर किती किलोवॅट दिसायला हवेत, हे एका कागदावर लिहून नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर लावावे. रात्रपाळीच्या माणसाने दोन वाजता मीटर वाचून त्याच कागदाखालच्या वहीत आकडा लिहावा आणि तो ठरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर सकाळची वाट न पाहता कारण शोधायला निघावे.